काठ्यांची भिंत

भिंगरीच्या घरी आठ महिन्यांपूर्वी एक पाहुणी आली आणि ठाण मांडून बसली. बसली म्हणजे उभीच असायची, दाराशेजारी, छत्रीला टेकून. तिच्याशी कुणी बोलत नसे, पण तिला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नसे. दुकानात जायचंय? आधी ती कुठे आहे ते बघा. जिना उतरायचाय? आधी तिला पुढे होऊ द्या. ती होती आईची काठी, आणि भिंगरीला ती डोळ्यांसमोर नको असायची.

आई नकाशांच्या कचेरीत नद्या काढायची. बाकीचा नकाशा संगणक करायचा, पण नदीवरचा शेवटचा हात आईचाच. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं आणि तीन आठवड्यांनी आपोआप विरलं. मग बोटांना सतत हातमोजा घातल्यासारखं वाटू लागलं. मग मान खाली वाकवली की मणक्यातून टाचेपर्यंत वीज सळसळत जायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवरचं प्लास्टिक उंदराने कुरतडावं तसं शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. हा आजार लहरी असतो. महिनाभर माणूस ठणठणीत, आणि मग एक दिवस उजवा पाय ओळखच देत नाही.

डॉक्टरांनी दर आठवड्याला घ्यायचं इंजेक्शन दिलं होतं. त्याने नवे झटके कमी येतील, पण झालेलं नुकसान भरून निघणार नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. भिंगरीला त्या डॉक्टरांचा भयंकर राग यायचा. सोळा वर्षांच्या मुलीला 'नाही' हा शब्द मुळात आवडत नाही, आणि हे गृहस्थ तो इतक्या शांतपणे उच्चारायचे!

म्हणून तिने स्वतःच शोध सुरू केला, आणि तिला तो व्हिडिओ सापडला.

एक लांब पांढरी मार्गिका. टोकाला जांभळा स्वेटर घातलेली एक बाई. ती कॅमेऱ्याकडे चालत येते, काठीशिवाय. बरोबर अकरा पावलं. मग थांबते, हसते आणि म्हणते, “आज सातवा दिवस.” खाली लिहिलेलं होतं की या बाई पोस्टात होत्या, दोन वर्षं काठीशिवाय उभ्या राहू शकत नव्हत्या आणि मानेतल्या अरुंद शिरा रुंद केल्यावर अशा चालू लागल्या.

भिंगरीने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि मग मामाला दाखवला. मामा नळजोडणीचं काम करायचा, त्यामुळे त्याला पटायला वेळच लागला नाही. मेंदूतून खाली येणारं रक्त मानेतल्या शिरांमध्ये अडतं, मागे तुंबतं आणि मेंदूला इजा करतं, असं त्या दवाखान्याचं म्हणणं होतं. मांडीतून बारीक नळी घालायची, मानेपर्यंत न्यायची, टोकावरचा फुगा फुगवायचा, शीर मोकळी करायची. गरज पडली तर जाळीची नळी आत कायमची बसवायची.

“मोरी तुंबली की मी दुसरं काय करतो?” मामा म्हणाला. “एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांना सुचत नाही म्हणजे कमाल आहे.”

आईने व्हिडिओ एकदाच पाहिला. मग ती भिंगरीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बरं. जाऊ या.”

*

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टचं दार उघडलं आणि भिंगरीला आधी आवाज ऐकू आला. टिक. टिक. टिक. कुणीतरी नखाने लाकडावर वाजवावं तसा.

मग तिला भिंत दिसली.

वाट पाहण्याच्या खोलीची अख्खी लांब भिंत काठ्यांनी भरली होती. पितळी आकड्यांवर ओळीने टांगलेल्या काठ्या, शिसवी, बांबूच्या, वाकड्या मुठीच्या, सरळ मुठीच्या. प्रत्येकीखाली नावाची पितळी पट्टी. सातव्या दिवशी रुग्ण मार्गिकेतून काठीशिवाय चालून दाखवायचा, त्याचं चित्रण व्हायचं आणि मग तो स्वतःच्या हाताने काठी भिंतीवर टांगायचा, अशी तिथली रीत होती. खिडक्या बंद होत्या. पंखा फिरत नव्हता. तरी काठ्या किंचित हलत होत्या आणि एकमेकींना लागत होत्या. जणू त्यांना टांगून गेलेली माणसं अजून हळूहळू चालतच होती, फक्त दिसत नव्हती.

समोरच्या पडद्यावर एकामागून एक माणसं चालत यायची. सगळी अकरा पावलं, सगळ्यांचं थांबणं एकाच फरशीवर, सगळ्यांचं हसू सारखं. “आज सातवा दिवस.” “आज सातवा दिवस.”

टेबलामागच्या बाईंच्या बुटांचा आवाज होत नसे. बोलू लागल्या की कळायचं, त्या शेजारीच उभ्या आहेत. त्यांनी आईच्या मानेतल्या शिरांचा फोटो काढून दाखवला, शस्त्रक्रियेसाठी पुढच्या गुरुवारची वेळ दिली, आईच्या काठीकडे प्रेमाने बघितलं आणि म्हणाल्या, “हिला आता थोडेच दिवस.” आठवड्याच्या इंजेक्शनचं विचारलं तेव्हा त्या हसल्या. मूळ कारणच जाणार असेल तर कशाला टोचून घ्यायचं? मामाला ते पटलं, भिंगरीला तर फारच पटलं. तिने घरी गेल्यावर कॅलेंडरवरच्या इंजेक्शनच्या खुणा स्वतःच्या हाताने खोडल्या आणि इंजेक्शनांचं खोकं फ्रिजमध्ये मागे ढकललं. मग शस्त्रक्रियेची तारीख दोन आठवडे पुढे गेली. तीन आठवडे आईला इंजेक्शन मिळालं नाही.

*

तो नवा गुरुवार तीन दिवसांवर आला तेव्हा भिंगरीला वाटलं, आईची काठी भिंतीवर जाणार, तर ती अशी टवके उडालेली कशी चालेल? सोमवारी शाळेतून आल्यावर ती काठी घेऊन काठीवाल्यांच्या दुकानात गेली. आईने तासभर खुर्चीतून न उठायचं कबूल केलं होतं.

काठीवाले आजोबा उंच आणि वाकलेले होते, त्यांच्याच एखाद्या काठीसारखे. दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि रोगणाचा वास. त्यांनी काठी हातात घेतली, उलटी केली आणि खालच्या रबरी टोपणाच्या जरा वर कोरलेल्या कड्यावरून अंगठा फिरवला.

“नकाशावाल्या बाईंची,” ते म्हणाले. “चकचकीत करायची? भिंतीसाठी का?”

भिंगरी दचकली. तिने तर काहीच सांगितलं नव्हतं.

“काठी लोक चालण्यासाठी दुरुस्त करून नेतात,” आजोबा म्हणाले. “नुसती चमकवायला आणतात ती भिंतीसाठीच.” मग त्यांनी ते कडं तिला दाखवलं. त्यांच्या हातच्या प्रत्येक काठीवर ते असतं. माणसाची पहिली काठी असेल तर एक कडं, दुसरी असेल तर दोन. आजार वाढला की माणूस काठीवर जास्त भार टाकतो, त्याला जाड मूठ आणि रुंद टोपण लागतं. दुरुस्तीला आलेली काठी बघताच कळावं की हा माणूस कितव्या काठीवर आहे, म्हणून ही खूण.

“त्या भिंतीवर माझ्या हातच्या अडतीस काठ्या आहेत,” ते म्हणाले. “सगळ्या एका कड्याच्या. त्यातल्या एकतीस जणांना मी नंतर दोन कड्यांची काठी करून दिली आहे.”

भिंगरीला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. भिंत फक्त टाकलेल्या काठ्या दाखवत होती. पुन्हा घेतलेल्या काठ्या टांगायला तिथे आकडाच नव्हता.

“आणि उरलेले सात?” तिने विचारलं.

“चौघांना काठी पुरली नाही, चाकांची खुर्ची लागली. दोघांचं मला ठाऊक नाही. बरेही असतील, मी खोटं कशाला सांगू. आणि एक...” ते थांबले आणि काठी पुसू लागले.

भिंगरीच्या अंगात राग उसळला. घाबरलं की तिला आधी रागच यायचा. “तुमचा धंदाच काठ्यांचा आहे, आजोबा. सगळे बरे झाले तर तुम्ही काय करणार?”

आजोबांना हसू आलं. रागावण्याऐवजी ते चक्क खुशीत मान हलवू लागले. “बरोबर बोललीस. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. जाऊन बघ. डावीकडून पहिल्या काठीपासून सुरुवात कर.”

“ती कुणाची?”

“माझ्या बायकोची.”

मग त्यांनी सांगितलं, काठीला फडकं घासत, वर न बघता. तिलाही हाच आजार होता. त्या दवाखान्यातली ती पहिल्या काहींपैकी एक. सातव्या दिवशी ती मार्गिकेतून चालत आली तेव्हा आजोबा इतके हरखले की त्यांनी स्वतः आकडे ठोकून दिले, पट्ट्या कोरून दिल्या. काठ्यांची भिंत ही त्यांचीच कल्पना होती.

“ती खोटं चालली नाही गं,” ते म्हणाले. “तिला खरंच बरं वाटत होतं. आशेने पायात बळ येतं, आणि या आजारात चांगले दिवस तसेही येतातच. पण महिन्याभरात पाय पूर्वीसारखा झाला. त्यांनी शीर पुन्हा अरुंद झाली म्हणून जाळीची नळी बसवली. ती नळी जागेवरून सुटली आणि रक्ताबरोबर हृदयात गेली. छाती उघडावी लागली. त्यातून ती उठली नाही.”

दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ होतं. ते चालू आहे हे भिंगरीला तेव्हाच कळलं.

“नंतर मी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो. विचारलं, खरं काय ते सांगा. ते म्हणाले, ही कल्पना निघाली तेव्हा आम्हालाही खरी ठरावी असं वाटत होतं. म्हणून परदेशात नीट चाचण्या झाल्या. काही रुग्णांच्या शिरा खरोखर रुंद केल्या, काहींना नुसती नळी घालून काढली. कुणाला काय झालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही. काही महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गट सारखेच. ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यातल्याही कितीतरी जणांना बरं वाटलं होतं. आणि अरुंद शिरा तर धडधाकट माणसांच्या मानेतही सापडल्या.” त्यांनी काठी तिच्या हातात दिली. ती आरशासारखी चमकत होती. “बरं, आईचं इंजेक्शन चालू आहे ना?”

भिंगरीने मान खाली घातली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

*

घरी जाताना भिंगरी पहिल्यांदा लोकांच्या पायांशी बघत चालली. बसथांब्यावर एक गृहस्थ उभे होते, त्यांच्या काठीला दोन कडी. औषधाच्या दुकानाबाहेर एक तरुण बाई पायरी चढू की नको अशी घुटमळत होती. दोन कडी. शाळेच्या कोपऱ्यावरून दुपारच्या उन्हात एक काठी ठक ठक करत वळली, माणूस दिसला नाही, फक्त काठीचं टोक दिसलं. दोन कडी! इतके दिवस ही माणसं याच रस्त्यांवरून जात होती आणि तिला त्यांच्यापैकी एकही दिसला नव्हता. तिला फक्त पडद्यावरची दिसली होती.

घरी तिने आईला काही सांगितलं नाही. खोकं मात्र तिने फ्रिजमध्ये पुढे ओढून ठेवलं. मंगळवारी मामाने दारातूनच आरोळी ठोकून गुरुवारी नाचायची तयारी ठेवायला सांगितलं, आणि आई हसली. ते हसू बघून भिंगरीच्या तोंडातले शब्द आत गेले. आजोबा चुकले असतील तर? आईच्या आशेवर आपण पाणी कसं ओतायचं? बुधवारी आईच्या हातून पेला सुटला. आपलं लक्ष नव्हतं, असं आई म्हणाली. तिची बोटं तशीच वळलेली राहिली होती, जणू पेला अजून त्यांच्यात आहे.

*

गुरुवारी सकाळी लिफ्टचं दार उघडलं. टिक. टिक. टिक.

टेबलामागच्या बाई आवाज न करता पुढे आल्या, आईला खुर्चीत बसवलं आणि तिच्या हातातली काठी अलगद काढून घेतली. आता ही लागणार नाही, म्हणाल्या, आणि ती सरळ भिंतीवर नेऊन टांगली. तिथे एक आकडा रिकामा होता. त्याखाली आईच्या नावाची पितळी पट्टी आधीच लावलेली होती.

आईला अजून कुणी हातही लावला नव्हता आणि भिंतीने तिला बरं करून टाकलं होतं!

आत बोलावणं यायला वेळ होता. भिंगरी उठली आणि भिंतीच्या डाव्या टोकाला गेली. पहिली काठी बारीक होती, मुठीवर कोरलेली वेल. खाली एक कडं. दुसरी, एक कडं. तिसरी, चौथी. ती वाकून बघत गेली आणि तिच्या श्वासाने का कशाने कोण जाणे, काठ्या जास्त जोरात वाजू लागल्या. मामा कुजबुजला, “अगं, काय वाण्याच्या दुकानात माल बघितल्यासारखं करतेस? बस ना.”

ती वळली, आणि जागच्या जागी थिजली.

पडद्यावर जांभळ्या स्वेटरमधली पोस्टातली बाई चालत येत होती. आणि पडद्याखालच्या बाकावर तीच बाई बसली होती.

तोच स्वेटर. फक्त आतलं माणूस निम्मं झालेलं. दोन्ही हात काठीच्या जाड मुठीवर आणि हनुवटी हातांवर. काठीला दोन कडी. ती मान वर करून पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होती, आपण एखाद्या ओळखीच्या माणसाची वाट बघतो तशी. वरची बाई अकरा पावलं चालली, थांबली, हसली. “आज सातवा दिवस.” खालच्या बाईचे ओठ तिच्याबरोबर हलले.

भिंगरी तिच्याशेजारी जाऊन बसली. काय विचारायचं ते सुचेना. शेवटी तिने विचारलं, “मावशी, आठव्या दिवशी काय झालं?”

बाईंनी मान वळवली. बऱ्याच दिवसांत कुणी नवीन प्रश्न विचारला नव्हता, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

“आठवा दिवस बरा गेला,” त्या म्हणाल्या. “पंधरावाही. मग दीड महिन्याने जिन्यात पडले. मी इथे फोन केला तर म्हणाले, शीर परत आखडली असेल, या. आज तिसरी वेळ.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “ती बाई मात्र अजून चालतेय. लोक मला फोन करायचे, तुम्ही बऱ्या झालात ना? मला नाही म्हणवत नसे. एवढ्या लांबून, एवढ्या आशेने विचारायचे. मी म्हणायचे, हो.”

भिंगरीने तोंडावर हात ठेवला. व्हिडिओखालच्या नंबरवर तिनेही असाच फोन केला होता. तो 'हो' तिने ऐकला होता आणि आनंदाने घरभर उड्या मारल्या होत्या.

ती आईजवळ गेली आणि गुडघ्यांवर बसली. काठीवाल्यांनी सांगितलेलं सगळं तिने एका दमात सांगितलं. चाचण्यांचं, नळीचं, एकतीस काठ्यांचं. मामा आ वासून ऐकत होता. सांगता सांगता तिला रडू आलं. “आई, मी तुला इथे आणलं. मी तुझं इंजेक्शन बंद केलं. मला वाटलं मी तुला बरं करतेय गं.”

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. हातमोजा घातल्यासारखा, जड. “मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती,” ती म्हणाली. “त्यांनी माझ्या मानेचा फोटो दाखवला ना, शीर इथे रुंद, इथे अरुंद? मी इतकी वर्षं नद्या काढतेय. सगळीकडे सारखी रुंद असलेली एकही नदी मी काढलेली नाही. तरी त्या वाहतातच की.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू इतक्या दिवसांनी हसत होतीस. तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हटलं.”

म्हणजे मुलगी आईसाठी आली होती आणि आई मुलीसाठी! आणि दोघी मिळून एका फुग्यावर जीव टांगायला निघाल्या होत्या.

मामाने घसा खाकरला. “पन्नास घरांत मी भिंत फोडून पाइप बदललाय,” तो हळू आवाजात म्हणाला, “आणि गळती दुसरीकडेच निघालीय. ते तर नुसते पाइप होते.”

आईने उठायचा प्रयत्न केला, पण उजव्या पायाने ओळख दिली नाही. तिची काठी भिंतीवर होती. टेबलामागच्या बाई कधी मध्ये येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. तुम्ही घाबरलाय, सगळेच घाबरतात, असं त्या मऊ आवाजात सांगत होत्या. आणि टांगलेली काठी काढायची इथे रीत नाही. बाकीच्यांची आशा खचते.

“त्यांना आशा हवी आहे ना, मग त्यांना खरंही सांगा,” भिंगरी म्हणाली. “सातव्या दिवसाचं चित्र लावता, मग सहाव्या महिन्याचं का नाही लावत? पडद्यावरच्या या बाई खाली बसल्यात हे तुम्हाला दिसत नाही का?”

खोलीत बसलेल्या पाच-सहा जणांच्या माना एकदम पडद्याकडे गेल्या, मग बाकाकडे. पडद्यावर जांभळा स्वेटर पुन्हा मार्गिकेच्या टोकाशी उगवला होता.

भिंगरीने हात वर केला आणि आईची काठी आकड्यावरून काढली. शेजारच्या काठ्या झोकांडल्या आणि टिकटिक भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली.

“पोरी,” मागून आवाज आला. पोस्टातली बाई दोन्ही हातांच्या जोरावर उभी राहिली होती. “माझीही काढ गं. खिडकीजवळून पाचवी. उगाच लोकांना फसवत टांगून राहिलीय ती.”

भिंगरीने तीही काढली. मामा भिंतीच्या डाव्या टोकाला गेला आणि वेलीच्या मुठीची पहिली काठी उतरवून काखेत धरली. ज्याची त्यालाच नेता येते, असं टेबलामागच्या बाई म्हणू लागल्या.

“जिची आहे ती येऊ शकत नाही,” मामा म्हणाला. “तिच्या माणसाला देतो.”

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत काठ्या वाजत होत्या. खाली रस्त्यावर ऊन होतं, गाड्यांचा गोंगाट होता, आणि भिंगरीला तो इतका गोड वाटला की काय सांगावं.

*

त्याच दुपारी ते मोठ्या रुग्णालयात, आईच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. तीन आठवड्यांचं इंजेक्शन चुकलंय हे भिंगरीने स्वतः सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आईला तपासलं, बोटांना नवा झटका आला असावा म्हणाले, औषधं ठरवून दिली आणि इंजेक्शन पुन्हा सुरू केलं. ती बोटं पूर्ण परत आली नाहीत. आई आता नदी काढताना पेन दोन हातांनी धरते. भिंगरी ते रोज बघते आणि विसरत नाही. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की 'नाही' शांतपणे म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला ते म्हणताना काय होत असेल, हेही तिला थोडं कळलं.

काठीवाल्या आजोबांनी बायकोची काठी हातात घेतली तेव्हा ते बराच वेळ मुठीवरच्या वेलीवर बोट फिरवत राहिले. मग ती त्यांनी दुकानाच्या दर्शनी भागात उभी केली आणि भिंगरीकडून शेजारी एक फळा लिहून घेतला. त्यावर ठळक अक्षरात एवढंच आहे: सातव्या दिवशी कसं होतं ते सगळे सांगतात. सहा महिन्यांनी कसे आहात? आत या, सांगून जा. पोस्टातल्या बाईंनी पहिली नोंद केली. जुन्या व्हिडिओला भुलून कुणाचा फोन आला, तर त्या आता 'हो' म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “बसा, सावकाश सांगते.”

मित्रमैत्रिणींनो, असा व्हिडिओ उद्या तुमच्याही हातात येईल. कधी शिरांचा, कधी सांध्यांचा, कधी साखरेचा. त्यात चालणारी माणसं खोटारडी नसतील, आणि तो पाठवणारा तुमच्यावर प्रेमच करत असेल. म्हणूनच जपायचं! तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर कुणाचा जीव पणाला लावायचा नाही. हीच माणसं सहा महिन्यांनी कशी आहेत? ज्यांच्यावर हे केलं नाही ती कशी आहेत? आणि ज्यांचं बिघडलं, त्यांचे फोटो कुठे लावले आहेत? आशा धरू नका असं कोण म्हणेल? पण आशेने चालू औषध बंद करायचं नसतं, आणि आपल्या डॉक्टरांना न विचारता तर मुळीच नाही.

भिंगरीच्या घरी ती पाहुणी अजून दाराशेजारीच उभी असते. आता बाहेर निघताना भिंगरीच तिला आईच्या हातात देते, आणि देताना नकळत तिचा अंगठा खाली जातो, रबरी टोपणाच्या जरा वर.

कडं अजून एकच आहे.